भोकाचा पैसा आणि सरकारची रायफल

आटपाट नगर नव्हतं, आपलं आंबवडं होतं. तिथं एक सरकार राहायचे. सरकारचा एक शिकारी होता, धोंडजी. धोंडजीला एक बायको, एक मुलगा आणि एक सून. सून पासलीची, नाव सगुणा. ती मी!

शिकारखान्याचे किस्से उडवलेल्या काडतुसांसारखे असतात बघा. रिकामे झाले म्हणून टोपलीत टाकावेत, तर टोपली भरते. मग त्यातलं एक उचलायचं, परत भरायचं, परत उडवायचं. आमच्या घरात तर किश्श्यांची आणि काडतुसांची, दोन्ही टोपल्या होत्या. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण सरकारच्या रायफलीचं एकही काडतूस माझ्या हाताखालून गेल्याशिवाय रानात गेलं नाही. हे मी आजही मान वर करून सांगते!

रायफल अशी, की चापाखाली एक लोखंडी कडी. ती खाली ओढायची, वर दाबायची, की जुनं काडतूस टणकन बाहेर आणि नवं आत. गोळी अंगठ्याएवढी जाड. जर्मनची लढाई सुरू झाली आणि विलायती काडतुसं यायची बंद झाली. सरकारकडं बंदुकीच्या दारूचे डबे होते, काडतुसाच्या बुडाला बसवायच्या, ठोका बसला की बार उडवणाऱ्या टोप्या होत्या, पण काडतुसं नव्हती. मामंजी म्हणाले, "हाय त्याच रिकाम्या पितळंत परत भरू." तेव्हापासून आमच्या परसात शिसं वितळायला लागलं.

चाकरीपायी आम्हाला ओढ्याकाठचं भाताचं खाचर कसायला होतं. चाकरी होती तोवर खाचर, आणि मामंजींचा नेम होता तोवर चाकरी. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

* * *

पहिलाच दिवस. परसातल्या चुलीवर लोखंडी पळीत शिसं चांदीसारखं चमकायला लागलेलं. मामंजी साचा आणायला आत गेले. तेवढ्यात सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, बाहेर आल्या. जन्म भाकरी थापण्यात गेलेला. चुलीवर काही तापलं की तापलं का नाही हे बघायला पाण्याचा हात शिंपडायचा, ही सवय!

शिंपडला.

फाट्! शिसं उडालं ते थेट पत्र्याला जाऊन चिकटलं. कोंबड्या शेजारच्या परसात. नशीब, आत्याबाईंच्या हातात परात होती, ती आडवी आली.

मामंजी धावत बाहेर. "काय झालं? कुणी उडवली?"

आत्याबाईंनी परात खाली ठेवली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "पहिली फैर माजी. आता तुमी भरा!"

* * *

गोळी ओतायला मी मामंजींकडं शिकले. साचा गार असला की गोळीला सुरकुत्या पडतात. साचा फार तापला की गोळी दुधाळ दिसते. मधली जी येते ती गुळगुळीत, हाताला गार लागली तरी सोडवत नाही अशी.

मी पहिल्या ओतल्या त्या सगळ्या सुरकुतलेल्या. मला वाटलं, चालतील. मामंजींनी सगळ्या परत पळीत टाकल्या.

"सगुणे, सुरकुतलेली गोळी म्हातारी असती. म्हाताऱ्याला रानात पाठवू न्हाई."

आत्याबाई दारातून म्हणाल्या, "मग तुमी कशापायी जाता?"

* * *

गोळीला मेण आणि चरबीचा लेप लागतो, नाहीतर नळीत शिसं चिकटून बसतं. मी डबाभर लेप करून ठेवायची. डबा कमी होतोय हे ध्यानात यायला लागलं. मामंजींनी आधी उंदरावर आळ घेतला, मग मांजरावर.

एक दिवस आत्याबाई ओट्यावर पाय पसरून बसलेल्या. टाचा बघाव्यात तर नव्या नवरीसारख्या! एक भेग नाही.

मामंजी बघतच राहिले. "अगं, ते रायफलीचं हाय!"

"मग? लोखंडाच्या नळीला लावता, नि बायकूच्या टाचंला लावाया जीव जातो व्हय?"

त्यानंतर मी दोन डबे करायला लागले.

* * *

आमच्या मालकांना कामात नीटनेटकेपणाचा भारी सोस. साच्यातून गोळी चपट्या तोंडाची निघायची. त्यांना ते बरं दिसेना. त्यांनी बसून कानशीनं एकेका गोळीला टोक काढलं. सुईसारखं! आणि मोठ्या तोऱ्यात बापापुढं मांडल्या. "बगा, आता कशी आरपार जातील!"

मामंजी म्हणाले, "जरा उकिडवा बस." मग मला म्हणाले, "सगुणे, पोती शिवायचं दाभण आण."

मी आणलं. मामंजी त्यांच्या मागं उकिडवे बसले आणि दाभणाचं टोक धरलं ते नेमकं मालकांच्या बुडाशी.

"ह्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात अशी एकामागं एक बसत्यात. मागच्याचं टोक फुडच्याच्या टोपीला. आता बार उडाला, धक्का बसला. देऊ का धक्का?"

मालक जे उठले ते ओढ्यापर्यंत थांबले नाहीत! सगळ्या टोकदार गोळ्या त्यांनी स्वतःच परत वितळवल्या. आयुष्यभर त्या माणसानं साधं दाभण हातात धरलं नाही.

* * *

आता नेमाचं सांगते. रायफलीला डोळ्याकडं एक खाच असते आणि नळीच्या टोकाला एक मणी, त्याला माशी म्हणतात. खाचेत माशी, माशीवर जनावर. एवढंच. पण सरकारच्या मनात आलं, की दुर्बीण लावायची.

भोरचे उस्मानचाचा बंदुकांचं काम करायचे. त्यांनी हात जोडले. "सरकार, ह्या रायफलीचं रिकामं काडतूस वरून बाहेर पडतं. दुर्बीण बरोब्बर त्याच्या वाटेत येती."

"लावा म्हणतो ना!"

लावली. सरकारनी बार काढला. कडी ओढली तर काडतूस उडालं, दुर्बिणीला आपटलं आणि परत आत जाऊन अडकलं. ते एक राहू द्या. रायफलीचा धक्का असा बसला, की दुर्बिणीच्या कडेनं सरकारच्या भुवईवर अर्धी चंद्रकोर उमटली!

गावात विचारणारे विचारायचे, "सरकार, हे काय लागलं?"

सरकार म्हणायचे, "बिबळ्या. पंजा ओझरता गेला."

उस्मानचाचा दुर्बीण सोडवून घरी न्यायला आले तेव्हा मामंजींनी हळूच विचारलं, "चाचा, काय नेता?"

"बिबळ्या!"

* * *

आणि मग आमच्यावर वेळ आली.

काडतुसं भरली की मामंजी नेम बघायला ओढ्याकाठी जायचे. दगडावर चुन्याचा ठिपका आणि शंभरेक पावलांवर मामंजी. त्या दिवशी मी नि मालक मागं उभे होतो. बार झाला. ठिपका जागच्या जागी. पण दगडाच्या डाव्या अंगाला वेलावर भोपळा होता, त्याच्या चिंध्या झाल्या.

मालक चाचरत म्हणाले, "आबा, भोपळा..."

"मग? भोपळाच मारायचा व्हता. भाजीला!"

आम्ही हसलो. मामंजी हसले नाहीत. रात्रीच्या जेवणात भोपळ्याची भाजी होती, ती त्यांनी खाल्ली नाही. सकाळी मला एकटीला म्हणाले, "पोरी, माशी दिसंना झालीया. दोन दोन दिसत्यात, त्या बी धुरातल्या."

मी म्हटलं, "सरकारास्नी सांगू."

"सांगितलं, की खाचर गेलं."

तेव्हापासून दारू मोजायचं, गोळी हलू नये म्हणून काडतुसाचा गळा आवळायचं काम सगळं माझ्याकडं आलं. हात माझे, नाव त्यांचं. पण नेम कोण बघणार? मालकांना चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायची खोड!

* * *

त्या वर्षी भोकाचा पैसा नवा निघालेला. कुणी तो दोऱ्यात ओवायचं, कुणी गळ्यात घालायचं. मी माझ्या पोराच्या करदोट्याला एक बांधला होता. मामंजी ओसरीवर नातवाला खेळवत होते. खेळता खेळता पोराला उचलून पैसा डोळ्याला लावला. मग म्हणाले, "सगुणे, ह्यातनं देवळाचा कळस बरोब्बर मधोमध येतोय. डोळा आपसूक मधी जातो की गं!"

मी पोराच्या करदोट्यातला पैसा सोडला. पोरानं भोकाड पसरलं.

उस्मानचाचांनी पैसा फिरवून फिरवून बघितला. "धोंडजी, भोक मोठं हाय. आत पितळी चकती बसवतो, तिला बारीक छिद्र पाडतो. बारीक छिद्रातनं म्हाताऱ्या डोळ्याला बी साफ दिसतं." त्यांनी तो पैसा रायफलीच्या लाकडी दस्त्याच्या मानेवर बिजागरीनं बसवला. उभा केला की डोळ्यासमोर, पाडला की लाकडात गडप. वर म्हणाले, "सरकारास्नी दिसाया नको."

मामंजींनी ठिपक्यावर बार काढला. ठिपका गेला! आत्याबाई म्हणाल्या, "आता भाजीला काय करू?"

* * *

भात पिकलं तेव्हा माझ्या माहेरी, पासलीला, एक दांडगा सुळेवाला डुक्कर शिरला. एका रात्रीत एक खाचर लोळवायचा. माझ्या बापाचा कुत्रा त्यानं फाडला. सरकार हाक्याला आले; माणसांनी वरून आरडाओरडा करून डुक्कर खाली हाकायचा. मी माहेरीच होते. आम्ही बाया भाकरीच्या पाट्या घेऊन बांधावर बसलेल्या.

खाली उंबराच्या आडोशाला सरकार, शेजारी मामंजी. मामंजींनी सकाळी नेम बघितलेला. त्यांनी रायफल सरकारच्या हातात दिली आणि मी बघते तर दस्त्यावर पैसा उभा! उन्हात लकाकतोय. पाडायचा राहिला. मला बांधावरून दिसला, पण हातभरावरच्या मामंजींना दिसला नाही.

ओरडावं तर डुक्कर फिरेल. न ओरडावं तर आमचं खाचर जाईल. तेवढ्यात वरून हाकारे उठले आणि डुक्कर झाडी फोडून बाहेर पडला, सरळ उंबराकडं.

सरकारचं गावाला ठाऊक होतं. पहिली फैर आभाळाला, दुसरी झाडाला, तिसरी देवाच्या भरवशावर. सरकारनी रायफल गालाला लावली. क्षणभर थांबले. मान जराशी पुढं केली. आणि एक बार.

डुक्कर जागेवर बसला. पाय झाडायलासुद्धा वेळ मिळाला नाही!

पासलीकरांनी जो कल्लोळ केला! मी बांध उतरून धावत खाली गेले, तर सरकार पैशाकडं बघत उभे.

"धोंडजी, हे काय?"

मामंजींनी वाकून चाचपलं आणि सरकारच्या पायाशी बसले. "चुकी झाली सरकार. डोळं गेल्यात माजं. दोन पावसाळं झालं."

सरकारनी इकडं तिकडं पाहिलं. भुवईवरची चंद्रकोर चोळली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "माझे तुझ्या आधी गेलेत."

मग त्यांनी पैशावर बोट ठेवलं.

"पैसा कुणाचा?"

"सुनंचा, सरकार. काडतुसं बी तिच्याच हातची."

सरकार माझ्याकडं वळले. "सगुणा, हा पैसा मी परत देणार नाही."

मी पदर पुढं ओढला. पण भ्याले नाही. "सरकार, त्यो माजा न्हाई. पोराच्या करदोट्यातला हाय. पोरगं अजून रडतंय."

"गप गं!" मामंजी डाफरले.

सरकार हसले. "मग पोराला बदली काय देऊ?"

"पोराच्या मालकीची वस्तू घेतलीसा. पोराच्या मालकीची व्हईल अशीच द्या."

हाकारे, बाया, माझा बाप, सगळे जवळ सरकले. सरकारनी एकदा मेलेल्या डुकराकडं पाहिलं, एकदा रायफलीकडं. "ओढ्याकाठचं खाचर. आजपासून तुझ्या पोराचं. धोंडजीचा नेम असो नसो."

भोरला कागद करायला बसलो, तेव्हा लिहिणाऱ्यानं लेखणी थांबवली. "सरकार, खाचराची किंमत काय घालू?"

सरकार म्हणाले, "एक पैसा. भोकाचा!"