सकाळी बोलले असते तर

या, अशा जवळ येऊन बसा. आणि बेडूक म्हटल्याबरोबर नाक मुरडायचं आधी बंद करा बरं! त्यांच्याच जिवावर माझं घर चाललं.

दुबईत काचेच्या छताखाली एक जंगल उभं केलंय, तिथे मी तेव्हा कीपर. म्हणजे प्राण्यांचं खाणंपिणं, साफसफाई बघणारी. डिग्री नाही, बघून बघून शिकले. विमानतळावर कुणाच्या तरी बॅगेत सापडलेले पाच बेडूक आमच्याकडे सांभाळायला आले होते. श्रीलंकेच्या डोंगरातले, अगदी दुर्मिळ. पाचांत मादी एकच.

आपल्याकडचे बहुतेक बेडूक पाण्यात अंडी घालतात. यांची मादी ओल्या मातीत घालते, वर माती कालवून ठेवते. अंड्यातून थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो. हे मला निमलने शिकवलं. तो श्रीलंकेचाच, माझ्याबरोबर कामाला. "आंटी, कोने की मिट्टी को हाथ नहीं लगाना," असं बजावलंही होतं.

पण दिवाळी दोन दिवसांवर. घरचे माळे झाडून आलेले, हात थांबेनात. बेडकांच्या काचेच्या टाकीत त्याच कोपऱ्यात बुरशी दिसली. म्हटलं, सणाला एवढी घाण? माती उपसली, पिशवीत भरली, पिशवी एसीतल्या स्टोअररूममध्ये ठेवली, नवी माती घातली. वर स्वतःवरच खूश!

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बॉस, डॉक्टर मरियम, टाकीपाशी आल्या. मादीचं फुगलेलं पोट उतरलेलं, म्हणजे अंडी घालून झालेली.

"निमल, अंडी कुठायत? ड्यूटी चार्टवर तुझं नाव आहे. माती कुणी बदलली?"

निमलने माझ्याकडे पाहिलं. मी स्प्रेच्या बाटलीत पाणी भरत राहिले. बाटली भरून वाहायला लागली तरी भरत राहिले.

"मला माहीत नाही, डॉक्टर," तो म्हणाला. माझ्या डब्यातलं खाल्लेला मुलगा. मला आंटी म्हणायचा ना.

"खलास. आजपासून तू बेडकांकडे नाहीस."

दुपारी डबा न उघडताच उठले. शेवटी स्टोअरकडे पळाले. पिशवी नव्हती. कचरा उचलणाऱ्यांसाठी सफाईवाल्याने ती मागच्या दारी उन्हात नेऊन ठेवली होती. तिथेच फतकल मारून माती चिवडली. साबुदाण्यासारखी अकरा अंडी निघाली. सगळी सुकलेली. एकात तर पाय दिसत होते हो, एवढेसे.

ती तळहातावर घेऊन डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. "पिशवी बाहेर कधी नेली?"

"बारा वाजता, सफाईवाला म्हणाला."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा ती एसीत होती."

एवढंच बोलल्या.

माती बदलली ती चूक. अंडी मेली ती माझ्या गप्प बसण्याने. चूक कळली की तेव्हाच तोंड उघडावं, नंतर नुसता कबुलीजबाब उरतो.

निमलला बेडूक परत मिळाले. मी झाडांकडे आहे. "जाऊ दे आंटी," म्हणतो, पण डबा आता आपला आपण आणतो.

मादीने पुन्हा अंडी घातलीत. इन्शाल्ला, महिनाभरात पिल्लं निघतील. या लवकर बघायला. निमल दाखवेल तुम्हाला. मी दारापर्यंतच येईन.