पाटकाकू आणि गिझरची केस

विजेचं बटण दाबायचं तर पाटकाकू आधी पायाखाली लाकडी पाट घेत. त्यावरून प्रतापनगरच्या आमच्या सोसायटीत त्यांना हे नाव पडलं. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या काकू थोरल्या बहिणीबरोबर, माईंबरोबर, आमच्या समोर राहत. लिफ्ट, कुत्री, अनोळखी माणसाने वाजवलेली बेल, सगळ्याचंच त्यांना भय. “भित्यापाठी एक ब्रह्मराक्षस असतो म्हणतात. माझ्यापाठी दोन आहेत,” असं त्याच म्हणत.

नवा गिझर घेऊन सात महिने झाले होते. एका सकाळी काकूंनी त्याचं बटण दाबलं, माई आंघोळीला गेल्या, आणि आतून एक अर्धवट, विचित्र आवाज आला. काकूंनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून माई वाचल्या. पण नळाला चिकटलेला त्यांचा उजवा हात पुढे कधी नीट उचलला गेला नाही.

तक्रार घेऊन गेलो तर दुकानदार गुजरातीत म्हणाला, “वॉरंटी कार्ड पर सिक्को नथी, बेन. अमे शुं करीए?” मी माझ्या ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “पक्कं बिल आहे ना? शिक्का त्याने मारला नाही, त्यात यांचा काय दोष? सदोष वस्तूने इजा झाली तर बनवणाऱ्यालाही जाब द्यावा लागतो. ग्राहक आयोगात वकिलाशिवायही तक्रार करता येते. फक्त तो गिझर हातचा जाऊ देऊ नका.”

दोनच दिवसांत कंपनीचा माणूस गिझर काढून न्यायला आला. घरचं वायरिंगच खराब आहे, म्हणाला. काकूंचे ओठ पांढरे पडले होते, तरी त्या न्हाणीघराच्या दारातून हलल्या नाहीत. “गिझर इथेच राहील,” एवढंच बोलल्या. तो गेल्यावर कितीतरी वेळ जिन्यात बसून होत्या.

तक्रार दाखल झाली. न्हाणीघराला कुलूप लागलं आणि दोघी आंघोळीला आमच्याकडे येऊ लागल्या. केस मागे घ्या म्हणून दुकानातून धमकीचे फोन येत, “केस पाछो खेंची लो, बेन. उलटुं तमारा पर आवशे.” काकू फोन ठेवत आणि न्हाणीघराचं कुलूप ओढून पाहत.

आयोगाने नेमलेला तज्ज्ञ गिझर तपासून गेला. अहवाल यायचा होता त्या दिवसांत काकू जेवेनाशा झाल्या. मी रागावले तेव्हा हळूच म्हणाल्या, “मला त्या लोकांची भीती नाही गं. वायरिंग खरंच आमचं खराब निघालं तर? बटण मी दाबलं होतं.”

अहवालात घरचं वायरिंग ठीक होतं. गिझरची कॉइल पाण्यात वीज सोडत होती आणि ती जमिनीत नेणारी आतली अर्थिंगची तार कारखान्यातच जोडायची राहिली होती.

निकालाच्या दिवशी मी काकूंबरोबर होते. उपचारांचा खर्च, भरपाई, सगळं वाचून झालं. काकू उठून उभ्या राहिल्या. “म्हणजे साहेब, माझ्या हातून नाही ना झालं?”

आयोगाच्या अध्यक्षांनी चष्मा काढला. “ना बेन. तमारो कोई वांक नथी.”

आपला दोष नाही हे ऐकताच काकू मटकन खाली बसल्या आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच रडल्या.

गेल्या वर्षी काकू गेल्या. परवा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सुनेच्या नव्या मिक्सरमधून धूर आला आणि दुकानदाराने वॉरंटी नाकारली. तिच्याबरोबर मी गेले. भीती मलाही वाटत होती. मी बिल त्याच्यापुढे ठेवलं आणि तिथेच उभी राहिले.