मावशीच्या हिरडीचे टाके

माझी मावशी बायकांचे कपडे शिवते. खालचे पुढचे दात एकमेकांच्या खांद्यावरून डोकावायचे, म्हणून जन्मभर तोंडावर हात ठेवून हसली. पंचेचाळिशीत तिच्या मनानं घेतलं आणि तिनं दातांना तारा बसवल्या.

"आता काय लग्न जमवायचंय?" काकांनी विचारलं.

"पहिलं जमलं तेव्हा हसायचं राहूनच गेलं," मावशी म्हणाली.

दोन वर्षांत दात ओळीत आले. मावशी उठसूट हसू लागली. पण पुढं थंड पाण्यानं कळ यायला लागली आणि खालचे दोन दात लांबुडके दिसू लागले.

"दात वाढले वाटतं," काका म्हणाले.

हिरड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. "वाढले नाहीत, हिरडी खाली सरकलीय. तुमचं पुढचं हाड मुळातच पातळ. दात ओळीत आणताना ते आणखी झिजलं. आत हाडाची भुकटी भरू आणि टाळूच्या कातडीची पातळशी चकती काढून वर शिवू."

"म्हणजे ठिगळच की," मावशी म्हणाली. परतताना बसमध्ये मी तिच्या शेजारी बसले होते. उतरताना मात्र म्हणाली, "हौस नडली गं मला."

ऑपरेशन झाल्यावर तिनं आधी आरसा मागितला. टाके निरखून बधिर जिभेनं म्हणाली, "बाई, तिसरा तिरका पडलाय."

"पडू दे. तुम्ही उसवू नका म्हणजे झालं," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

दहा दिवस पातळ खायचं आणि कमी बोलायचं होतं. पहिल्या दिवशी काका शीळ घालत फिरत होते. मग मावशीला काळ्या कापडाचा तुकडा आणि शिवणाचा खडू सापडला. "दार लावा." "पंखा कमी करा." "नुसती मान हलवू नका, उठा."

तिसऱ्या दिवशी काका रडकुंडीला आले. "बाई गं, तू तोंडानंच बोल. तुझं ऐकायला आता चष्मा शोधावा लागतो!"

सहा महिन्यांनी हिरडी वर चढली होती, हाडही बऱ्यापैकी भरलं होतं. एका दाताचं मूळ तेवढं किंचित उघडं राहिलं. पुन्हा टाके घालायला मावशीनं साफ नकार दिला.

परवा ब्लाउज शिवायला आलेली एक मुलगी म्हणाली, "मलाही तारा बसवायच्यात."

"खुशाल बसव. पण आधी हाड किती आहे ते विचार," असं म्हणून मावशीनं खालचा ओठ ओढून सगळं साग्रसंगीत दाखवलं. मुलगी दोन पावलं मागं सरकली.

"अगं, पळतेस कुठं? बाहीचं माप राहिलंय."