पाखरं हाकलायचा आवाज

पाचोडच्या स्टँडवर आबा बसच्या टपावर चढून माझी पत्र्याची ट्रंक सुतळीनं बांधत होते. कंडक्टर खालून घाई करत होता आणि आबांचं काही आटपत नव्हतं. गाठ मारायची, ओढून बघायची, सोडायची, पुन्हा मारायची. ट्रंक पहिल्याच गाठीला पक्की बसली होती, हे मला आता कळतं. माय बसकडं पाठ करून उभी होती, म्हणजे रडत होती. आबा खाली उतरले, खिडकीच्या गजाला धरून म्हणाले, "शिकाया चाललीस, शीक. लागंल ते धाडतो. पर कुसे, झेंड्याखाली उभी राहू नगंस."

"व्हय आबा," मी म्हटलं आणि गाडी सुटली.

दुसऱ्या कुणाच्या बापानं असं सांगितलं असतं तर मला हसू आलं असतं. पण आमच्या घरात त्या बोलण्यामागं अण्णा होते. अण्णा म्हणजे आबांचे थोरले भाऊ. रझाकारांच्या दिवसांत त्यांनी गावात तिरंगा लावला. मग घरावर नजर बसली तेव्हा आजीला आणि आबांना होडीत घालून गोदावरीपलीकडं नगरच्या हद्दीत पोचवलं, आणि "चार दिसांत येतो" म्हणून स्वतः परत फिरले. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, पळालेली माणसं आपापल्या गावी आली. आजी आणि आबाही आले. अण्णा आले नाहीत. आबांना तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. आजी मरेपर्यंत बाहेर कुणी खाकरलं तरी दाराकडं बघायची.

अण्णांचा फोटो नव्हता, त्यांच्याविषयी कुणी बोलतही नसे. त्यांची एकच गोष्ट आबांनी मला दिली होती. ज्वारी हुरड्यात आली की शेतातल्या उंच माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलायची त्यांची तऱ्हा. "नुसतं वरडू नको," आबा सांगायचे, "आधी वढायचं, मंग तोडायचं. अण्णानं शिकिवलंय मला." खालच्या पट्टीत सुरू करून आवाज लांबवत न्यायचा आणि पाखरांनी माना वर केल्या की चाबूक मारल्यासारखा तोडायचा. माझा आवाज मुळात जाडाभरडा. शाळेत बाईंनी मला कधी गाण्यात घेतलं नाही. पण शेजारच्या रानातल्या ठकूकाकू म्हणायच्या, "कुसे, तू माळ्यावर आसली की माझा एक गडी वाचतो बघ."

तो आवाज घेऊन मी तेव्हाच्या औरंगाबादला आले आणि पहिले कित्येक दिवस तो घशातच ठेवला. विद्यापीठात सगळे हळू बोलायचे. मुलींच्या होस्टेलात तर भिंतींनाही कान असल्यासारखं कुजबुजायचे. 'लायब्ररी', 'ट्युटोरियल', 'प्रॅक्टिकल' हे शब्द तोंडात बसेपर्यंत मी 'लई' आणि 'नाय' गिळायला शिकले. कँटीनमध्ये पहिल्यांदा चहा मागितला तेव्हा आवाज सवयीनं मोठा निघाला आणि तिकडच्या टेबलावरची मुलं वळून बघायला लागली. त्यांतलाच एक उठून आला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "ताई, आपण आमच्या मंडळात याल का?"

हा मुकुंद. शहरातलाच. बाप कोर्टात कारकून, घरात पोथ्यांइतकीच कायद्याची पुस्तकं. मुकुंदाला सगळं यायचं. अर्ज लिहिता यायचा, नियम पाठ असायचे, तासभर न अडखळता बोलता यायचं. घोषणा मात्र देता यायची नाही. त्याची घोषणा अशी यायची की समोरच्याला वाटावं, हा पत्ता विचारतोय. मंडळाला नाव त्यानंच ठेवलं होतं, आणि ते इतकं लांबलचक होतं की बॅनर करायला घेतला तेव्हा माझ्या जुन्या लुगड्यावर ते मावेना. मग आम्ही नुसतं 'विद्यार्थी मंडळ' लिहिलं आणि उरलेल्या जागेत एक वळलेली मूठ काढली. ती मुळ्यासारखी दिसायची.

तुम्ही गावाकडं राहिलेले विचारता ना, तिथं राजकारण म्हणजे काय करायचीस? खळ शिजवायची. खरं सांगते. निम्मं राजकारण खळीचं असतं. पोस्टर चिकटवायला पीठ लागतं, आणि सुट्टीच्या दिवशी डबा येत नाही म्हणून माय जे ज्वारीचं पीठ देऊन ठेवायची, ते मी होस्टेलच्या स्टोव्हवर शिजवून मंडळाला द्यायची. उरलेलं राजकारण म्हणजे मीटिंगा. त्यांत 'मागणी' म्हणायचं की 'विनंती' यावर दुपार जायची, तोवर चहा गार व्हायचा आणि करमाडचा भगवान टेबलावर डोकं टेकून झोपून जायचा. मला त्या सगळ्यांचा फार लळा लागला. गाव सोडल्यावर पहिल्यांदा आपलं कुणी आहे असं वाटलं ते त्या डगमगत्या टेबलाशी.

भगवान झोपायचा त्यात त्याचा दोष नव्हता. तो रोज करमाडहून एस.टी.नं यायचा आणि आल्या आल्या सगळ्या होस्टेलचे डबे गोळा करायचा. आमच्यासारख्या खेड्यांतल्या पोरांचे डबे तेव्हा बसनं यायचे. माय पहाटे भाकरी थापायची, फडक्यात बांधलेला पितळी डबा आबा पाचोडच्या स्टँडवर ड्रायव्हर कासीमभाईंच्या हवाली करायचे, कासीमभाई तो इंजिनाशेजारी ठेवायचे म्हणून भाकरी कोमट राहायची. डबे उतरायचे मुख्य स्टँडवर. तिथून विद्यापीठ बरंच लांब. भगवान स्टँडवर ठेवलेल्या सायकलच्या दोन्ही हँडलांना डबे लटकवून ते अंतर तोडायचा, आणि बसनं येणारी बाकीची पोरंपोरी पायी. पहिलं लेक्चर त्यांना कधी मिळालं नाही. आता याच शहरात, उस्मानपुऱ्यात, माझ्या दाराशी मोबाईलवर बोट टेकवलं की जेवण येतं. आणणाऱ्या मुलाला मी नाव विचारते, तो बावरतो. मला मात्र ज्यानं डबा आणला त्याचं नाव माहीत नसेल तर घास जात नाही.

तर आमच्या मंडळाची पहिली मोठी मागणी हीच. सकाळच्या गावाकडच्या गाड्या विद्यापीठाच्या गेटापर्यंत याव्यात. मुकुंदानं अर्ज केले, पुन्हा केले, शेवटी रास्ता रोको ठरला. बीडकडची आणि जालन्याकडची गाडी शहरात शिरते त्या रस्त्यावर बसायचं. घोषणा कोण देणार, यावर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

आबांचं बोलणं मला आठवत नव्हतं असं नाही. रोज डबा उघडताना आठवायचं. मंडळाविषयी घरी मी अवाक्षर बोलले नव्हते. आबांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी रागावून नाही, घाबरून मला परत नेलं असतं, आणि घाबरलेल्या बापाशी वाद घालता येत नाही. माझं शिक्षण तिथंच संपलं असतं. तरी मी हो म्हटलं. पाय भाजत पायी येणाऱ्यांत माझ्याच गावचं कुणीतरी होतं म्हणून म्हटलं, आणि खोटं कशाला बोलू, मला पुन्हा एकदा मोठ्यानं ओरडायचं होतं म्हणूनही म्हटलं.

रस्त्यात बसलो. उन्हं वर आली. मी उभी राहिले, झेंडा हातात घेतला आणि ओढून ओढून सुरू केलं, "एस.टी. गेटापर्यंऽऽत..." आणि तोडलं. मागून सगळे, "आलीच पाहिजे!" पहिल्या घोषणेला कडेच्या लिंबावरची साळुंक्यांचा थवा खरोखर उडाला. मुकुंद तोंडाचा आ करून बघत राहिला.

गाड्या थांबत गेल्या. दुपार कलली तशी पोरांची तोंडं उतरायला लागली, आणि मग भगवान माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कुसुमताई, लई मोठा घोटाळा झाला. आपले डबे त्याच गाड्यांत हायेत." मुकुंद घरचं गरम जेवून आलेला, त्याच्या डोक्यात हे येणं शक्य नव्हतं. पण आम्हा इतक्या जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही! कासीमभाईंची गाडी रांगेत मागं उभी होती. ते खाली उतरून आले, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अरे बच्चों, तुमाराच खाना है अंदर. किसकू रोकरे तुम?" पोरं हसायला लागली. भुकेच्या पोटी हसल्यानं आणखी भूक लागते.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. जमादार म्हणाला, उठता की उचलू? आमच्यातली काही पोरं चुळबुळली. मी घाबरले होते, पण अशा वेळी थांबलं तर सगळं मोडतं हे कळत होतं, म्हणून पुन्हा घोषणा ओढली. ती तोडायच्या आधीच मला रांगेतून चालत येणारा फेटा दिसला.

आबा होते. पाण्याच्या इंजिनाचा पट्टा आणायला ते त्या दिवशी कासीमभाईंच्या गाडीनं शहरात निघाले होते. हातात माझा डबा. माझी घोषणा अर्ध्यात लोंबकळली, आणि मागच्यांनी सवयीनं "आलीच पाहिजे" म्हटलं.

आबा माझ्यापुढं येऊन थांबले. वर झेंड्याकडं बघितलं, मग पोलिसांकडं, मग माझ्याकडं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, झालं, आता हाताला धरून गाडीत घालतील, आणि मी जाईन. त्या चेहऱ्याला नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती.

"गाडीत डोळा लागला व्हता," आबा म्हणाले. आवाज कसनुसा. "आन् वरडनं ऐकू आलं. म्हनलं, अण्णा कसा काय हितं?"

मला रडूच फुटलं. झेंडा हातात धरून मी भर रस्त्यात रडले.  आबांनी माझ्या हातातला झेंडा काढून आपल्या हातात घेतला आणि डबा माझ्या हातात दिला.

"उभीच हायेस तर जेवून उभी राहा," ते म्हणाले. "उपाशी पोटी आवाज तुटतो. मघाधरनं ऐकतोय, शेवटाला पार मऊ पडतोय तुझा."

मी रस्त्यावर मांडी घालून डबा उघडला. पिठलं, भाकरी, ठेचा. कासीमभाईंनी बाकीचे डबे उतरवून दिले आणि रास्ता रोकोची पंगत झाली. जमादार बघत राहिला, मग सावलीत जाऊन बसला. मी जेवत होते तेवढा वेळ आबा झेंडा धरून उभे होते. घोषणेला त्यांनी तोंड उघडलं नाही. पण पोलिसांची गाडी होती त्या बाजूला, तिच्या आणि माझ्या मधोमध उभे होते. शेवटी डेपोचे साहेब आले, चर्चा करू म्हणाले, मुकुंदानं खिशातून तयार अर्ज काढला आणि आम्ही उठलो. निघताना आबा एवढंच म्हणाले, "म्या उनात उभा व्हतो ते मायला सांगू नगंस."

महिन्याभरात सकाळच्या गाड्या गेटापर्यंत यायला लागल्या. मायला सगळं कळलंच. पुढच्या सुट्टीत ती मला म्हणाली, "मला काय येड्यात काढतीस? येकटी पोरगी येवढं पीठ खाती व्हय?" त्यानंतर माझा डबा बदलला. मोठा, उंच, चार पुडांचा यायला लागला, आणि त्यातल्या भाकरी पाचोडपासून करमाडपर्यंतच्या पोरांनी आणि कोर्टातल्या कारकुनाच्या मुलानंही खाल्ल्या. मुकुंद ठेच्यानं डोळे पुसत वादविवाद करायचा. तो पुढं वकील झाला. भगवान करमाडलाच राहिला, अजूनही बसल्या जागी झोपतो.

मी इथंच नोकरीला लागले, इथंच लग्न झालं, शहराचं नावही बदलून झालं. माझी जीभही बदलली. घरात आता अर्धं बोलणं हिंदीत चालतं, नातवंडांशी उरलेलं इंग्रजीत. पाचोडला गेलं की पहिले काही तास मी पाहुणी असते. भाऊ पाणी देताना ग्लासाखाली ताटली ठेवतो, मला ते टोचतं. ज्वारी गेली, सगळीकडं मोसंबी आहे. माळा नाही, राखण नाही. आबा गेले, माय गेली. कुणी विचारलं गाव कोणतं, तर पाचोड म्हणते, पण मनात शंका येते की आपण अजून तिथल्या आहोत का.

गेल्या हिवाळ्यात भाऊ म्हणाला, अक्का, गड्यांना जेवायला हाक मार, ते पार तिकडच्या कडेला आहेत. मी बांधावर उभी राहिले. इतक्या वर्षांत शहरात असं ओरडले नव्हते, लाजच वाटली. तरी ओढलं, लांबवलं आणि तोडलं. आवाज फाटका निघाला. गड्यांनी हात केला. आणि शेजारच्या रानात, मोसंबीच्या पलीकडं, बाजेवर पडलेल्या ठकूकाकू उठून बसल्या. त्यांना आता डोळ्यांनी काही दिसत नाही. त्यांनी माझ्या दिशेला तोंड केलं आणि म्हणाल्या, "कुसे, आलीस व्हय? जेवलीस का?"