एकाच फोनवरचे त्रेसष्ट होकार

विजयमाला वकील आहे असं अख्खं मोरगाव समजतं. माहेरी गेली की एसटीतून पाय खाली टाकायच्या आत कुणीतरी सातबाऱ्याचा कागद पुढं करतं. "वकीलबाई, जरा बघता का?" ती बघते, आणि मग तेच ते सांगते, की मी आता कोर्टात उभी राहत नाही. लोक हसतात. त्यांना वाटतं बाई मोठी झाली, भाव खाते.

आता खरं काय ते ऐका. सोळा वर्षं तिनं बारामतीच्या कोर्टात काढली. बांधाची भांडणं, वाटपाचे दावे, पोटगी, आणि तारखा, तारखा, तारखा. काळा कोट उन्हानं विटून तपकिरी झाला. पंचेचाळिशीत गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिनं एमआयडीसीत द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. पगारी नोकरी करायची तर वकिलाला आपली सनद स्थगित ठेवावी लागते, तसा नियमच आहे. तिनं ठेवली. टेबलावर पाटी आली, 'विधी विभाग प्रमुख', आणि पाटी आली त्या दिवसापासून बाई वकील राहिली नाही. बरं, विभागात तिच्याशिवाय दुसरं चिटपाखरू नाही. प्रमुख म्हणजे कुणाची प्रमुख, हे तिनं विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

तिला वाटलं होतं एसी असेल, खुर्ची असेल, चार करार वाचायचे. कसलं काय! जर्मनीतल्या कुणा बाईनं ऑनलाइन मागवलेले बेदाणे परत धाडले, तिला कुठल्या देशाच्या कायद्यानं उत्तर द्यायचं? कंपनीच्या नावानं कुणीतरी बनावट वेबसाइट काढली, ती कुठून चालते तेच कळेना, मग नोटीस धाडायची कुठं? करारात लिहिलंय की भांडण झालंच तर रॉटरडॅमच्या कोर्टात, आणि हिला इंदापूरच्या कोर्टाचा जिना चढताना धाप लागते. हॉलंडमध्ये सकाळी साडेआठला ऑफिस उघडतं, तेव्हा इथं एक वाजतो. म्हणजे बरोबर हिनं डबा उघडायचा आणि बरोबर त्यांचा फोन यायचा. तीन वर्षांत तिनं दुपारचं जेवण निवांत केलेलं नाही.

त्यात मागच्या वर्षी सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं, की कंपनीच्या पगारावर असलेला वकील हा कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलासारखा धरता येणार नाही. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला जी गुप्ततेची ढाल असते, ती याला नाही. झालं! त्या दिवसापासून शंभूराजचं एकच पालुपद सुरू झालं. शंभूराज म्हणजे मालकांचा मुलगा, छत्तिशीतला, आता कंपनीचा एमडी. बोलायला गोड. "मॅडम, लिहू नका," तो म्हणायचा. "फोन करा, समोर येऊन सांगा, पण लिहू नका. उद्या कुणी मागितलं तर सगळं बाहेर काढावं लागेल." ज्या बाईचं सगळं आयुष्य लिहिण्यात गेलं, तिनं आता कायदा तोंडी सांगायचा. तेही ती शिकली. दमलेल्या माणसाला काहीही शिकवता येतं.

जानेवारीत हॉलंडहून मेल आली.

द्राक्षाच्या बॉक्सवर एक चौकोनी कोड असतो. तिकडच्या गिऱ्हाइकानं त्यावर मोबाइल धरला की शेतकऱ्याचं नाव, फोटो आणि त्याची बाग नकाशावर नेमकी कुठं आहे ते दिसतं. तिकडच्या कायद्याप्रमाणं हे दाखवायचं तर ज्याचं त्याला विचारावं लागतं. तो अर्ज विजयमालानंच मराठीत केला होता, अगदी सोपा. मोबाइलवर लिंक येणार, ओटीपी टाकायचा, 'हो' नाहीतर 'नाही' दाबायचं. कंपनीला द्राक्षं देणाऱ्या लासुर्ण्याच्या गटात त्रेसष्ट शेतकरी, त्रेसष्ट 'हो' आले. आणि आता मेलमध्ये तिकडच्या खरेदीदार कंपनीच्या अधिकाऱ्यानं अगदी नम्रपणे विचारलं होतं, की हे त्रेसष्ट लोक एकाच फोनवरून चाळीस मिनिटांत कसे काय हो म्हणाले?

विजयमालानं कपाळाला हात लावला. फोन कुणाचा हे शोधायचीही गरज नव्हती. ती स्कूटी काढून तडक लासुर्ण्याला गेली आणि गटाचे अध्यक्ष जोतीराम तात्या यांच्या ओट्यावर जाऊन बसली.

"व्हय, म्याच दाबलं की," तात्या म्हणाले, आणि काय अभिमान त्या आवाजात! "तुमी म्हनलात घाई हाय. लोक कामात. म्हनलं त्यांना कशाला तरास? समद्यांच्या फॉर्मात माजा नंबर घातला आन् बसलो दाबत. अंगठा दुखला दोन दिस."

"तात्या, प्रत्येकाला विचारायचं होतं हो."

"इचारायचं काय त्यात? साखर कारखान्याच्या सभेत कोन इचारतं? वरनं ठराव वाचत्यात, खालनं आपन म्हनायचं, मंजूर, मंजूर. घरला आल्यावं बघायचं काय मंजूर केलं ते." तात्या हसले. "आवं ताई, समदी घरचीच मानसं हायती."

त्यात लबाडी नव्हती, हेच तर दुखणं होतं. लबाडाशी भांडता येतं. इथं पन्नास वर्षं सभेत हात वर करत आलेला माणूस, दुसऱ्याचा होकार द्यायला आपल्याला काही अधिकार लागतो हे त्याच्या गावीही नव्हतं.

परत येऊन तिनं चूक केली. डोकं तापलेलं होतं, त्या भरात शंभूराजला मेल टाकली. लासुर्ण्याच्या गटाची एकही संमती खरी नाही. पाचव्या मिनिटाला त्याचा फोन.

"मॅडम! लिहिलंत कशाला?"

"सर, खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच विचारतोय. वीस तारखेला कंटेनर निघतोय. तुम्ही एक सर्टिफिकेट द्या, की संमती प्रत्येकाकडून स्वतंत्र घेतलेली आहे. तुमची सही हवी, विधी विभाग प्रमुख म्हणून. बाकी मी बघतो."

मी बघतो म्हणे! आता सगळ्यांनाच समजेल असं सांगतो. तिनं सही केली की एका हातानं लिहिलेलं 'खोटं आहे' आणि दुसऱ्या हातानं लिहिलेलं 'खरं आहे' अशी दोन्ही कागदपत्रं जगात राहणार. उद्या कुणी विचारलं तर कंपनी म्हणणार, आमच्या वकीलबाईंनी सांगितलं. आणि कायदा म्हणणार, ही कसली वकीलबाई? तिला तर ढालही नाही. इतक्या वर्षांत तिनं खोट्या कागदावर सही केली नव्हती. तेवढं एकच तिच्याकडे उरलं होतं, आणि ते जाऊ द्यायचं की नाही हा प्रश्न आता वीस तारखेपर्यंत होता. सही नाही केली तर त्रेसष्ट घरांची पिकलेली बाग तशीच अडकणार.

"मला नऊ दिवस द्या," ती म्हणाली. "मी प्रत्येकाला विचारून येते."

नऊ दिवस ती हिंडली. सकाळी स्कूटी, वस्तीवरची कुत्री, चहा, पुन्हा चहा. साखर न घातलेला चहा मागितला की लोक दोन चमचे जास्त घालायचे. प्रत्येकाला तेच सांगायचं. हा तुमचा फोटो, ही तुमची बाग, जगात कुणालाही दिसणार, चालेल का? बहुतेकांना चालत होतं. एक जण म्हणाला, फोटो दुसरा काढा, यात ढेरी दिसतीय. एकानं विचारलं, हॉलंडवाले भेटायला येतील का, म्हणजे घराला रंग देऊन ठेवतो. संध्याकाळी घरी आल्यावर तिला पायातल्या चपला काढायचासुद्धा कंटाळा यायचा. बासष्ट झाले. सगळे हो.

त्रेसष्टावी कुशाबाई. सत्तरीची, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, एकर-दीड एकर काळी द्राक्षं, आणि बागेतच एकटीचं घर. तिनं विजयमालाला बाजेवर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी मी हितं एकली ऱ्हाती, ह्ये समद्या दुनियेला कळनार?"

"नकाशा दिसेल, आक्का. फोटोही."

"आन् न्हाय म्हनलं तर?"

खरं सांगायचं तर त्या घडीला विजयमालाला खोटं बोलावंसं वाटलं. एक 'हो' आणि संपलं, घरी जाऊन झोपता आलं असतं. पण तिनं सांगितलं. "न्हाय म्हणालात तर तुमची द्राक्षं या बॉक्समधून जाणार नाहीत. इथंच बाजारात घालावी लागतील. बाकी कुणी तुमचं काही करू शकत नाही."

कुशाबाईनं आत जाऊन भाकरी आणि पिठलं आणलं. दोघी जेवल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा विजयमाला दुपारी निवांत जेवली. फोन मधेच दोनदा वाजला, तिनं पाहिला नाही. हात धुताना म्हातारी म्हणाली, "बाय माझे, लगीन झालं तवा कुनी इचारलं न्हाय. वाटनी झाली तवा इचारलं न्हाय. सोसायटीत माजा अंगठा कवा कवा घेतला त्ये मलाच ठावं न्हाय. तू पयलीच आलीस इचारत. तर लिव्ह. न्हाय."

तिनं स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या हातानं, एका बोटानं, 'नाही' दाबलं. आणि विजयमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं, तिला सांगता आलं नसतं. बहुतेक दमली होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शंभूराजच्या केबिनमध्ये उभी राहिली. बासष्ट हो, एक नाही, तिनं तोंडी सांगितलं.

"एक नाही?" शंभूराज वैतागला. "अहो मॅडम, मग सगळा गट संशयात येतो. तात्यांना सांगा, ते म्हातारीला समजावतील. नाहीतर तेच दाबतील की एक वेळ."

"नाही सर."

"काय नाही? काल तुम्ही तिच्या वस्तीवर दोन तास दहा मिनिटं बसला होतात. दोन तासांत एक हो आणता आला नाही तुम्हाला?"

"दोन तास दहा मिनिटं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ॲपवर दिसतं ना." तो सहज म्हणाला, टेबलावरचा कागद सारखा करत. "दिवाळीत तुम्हाला कंपनीनं फोन दिला, त्यात हजेरीचं ॲप आहे. कोण कुठं आहे ते कळतं."

"त्याला माझी परवानगी लागते, सर. मी कधी दिली?"

"एचआरनं सगळ्यांचं एकदमच करून टाकलं. चौऱ्याण्णव लोकांना कोण विचारत बसणार? एकाच लॉगिनमधून हो करून टाकलं." मग तो हसला, अगदी प्रेमानं. "अहो, सगळी घरचीच तर माणसं आहेत."

तिला ओट्यावरचे तात्या आठवले. त्यांचा निदान अंगठा तरी दुखला होता.

ती आपल्या टेबलाशी आली. राग यायला पाहिजे होता, पण आला तो आधी थकवा. दिवाळीपासून आपण पोस्टात, दवाखान्यात, माहेरी, जिथं जिथं गेलो ते सगळं कुणीतरी बसून पाहत होतं, आणि आपण मात्र उन्हातान्हात वस्तीवस्तीवर संमती म्हणजे काय ते सांगत फिरत होतो. दुसऱ्यांना कायदा शिकवणारी बाई, आणि आपल्याच होकाराचा आपल्याला पत्ता नाही. हसावं की रडावं!

तिनं संगणक सुरू केला आणि सर्टिफिकेट लिहिलं. लासुर्णे गटातील त्रेसष्ट शेतकऱ्यांना मी स्वतः भेटून विचारले. यापूर्वी पाठवलेल्या सर्व संमती एकाच व्यक्तीने दिलेल्या होत्या, त्या रद्द समजाव्यात. नव्याने बासष्ट जणांनी होकार दिला. श्रीमती कुशाबाई यांनी नकार दिला, त्यांचे नाव, फोटो व बाग दाखवू नये. खाली सही केली, पूर्ण नाव, आणि हॉलंडला पाठवून दिलं. एक प्रत शंभूराजला.

मग दुसरी मेल एचआरला, प्रत पुन्हा शंभूराजला. हजेरीच्या ॲपसाठी माझ्या नावे नोंदलेला होकार मी दिलेला नाही. आज मला विचारले आहे असे धरून उत्तर देते. नाही.

लिहिलं. तोंडी नाही, लिहिलं. पाठवायचं बटण दाबताना तिनं कुशाबाईसारखंच एक बोट वापरलं.

कंपनीचा फोन थरथरायला लागला. पडद्यावर शंभूराजचं नाव. तिनं तो उचलला नाही, बंदही केला नाही. टेबलावरच्या 'विधी विभाग प्रमुख' पाटीला टेकवून नीट उभा ठेवला, पर्स घेतली आणि जिना उतरून फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर गेली. बिनसाखरेचा चहा सांगितला, तो प्यायली आणि तिथून पुढं रस्त्याला लागली.

संध्याकाळपर्यंत ॲपवर ती आपल्या जागेवरच बसलेली दिसत होती.