शामबेतआकेंचा उपास

किर्गिझस्तानातल्या आमच्या आत-बाशी गावात शर्यतीचे घोडे तयार करावेत ते शामबेतआकेंनीच; वडीलधाऱ्यांना आम्ही आदरानं 'आके' म्हणतो. शर्यत जवळ आली की ते घोड्याचं डोकं उंच बांधून त्याला उपाशी उभं ठेवत. रिकाम्या पोटी घोडा हलका होतो, ही त्यांची श्रद्धा.

यंदा त्यांचंच हृदय थकलं, पाय सुजले. डॉक्टर अनारकुलनं ठोके मंदावणारी बीटा-ब्लॉकरची गोळी दिली. सुरुवातीला उलट थकवाच वाढला. मग शर्यतीआधी आकेंनी घोड्याबरोबर स्वतःलाही उपास घडवला. अन्नाचा आणि गोळीचाही. तबेल्यातच ते धापा टाकत कोसळले.

"आके, गोळी कुणाला विचारून सोडलीत?" इस्पितळात अनारकुल कडाडली.

"घोड्याला," त्यांची बायको बातमा म्हणाली. "माझं कधी ऐकलंय ह्यांनी?"

अनारकुल आकेंकडे वळली.

"कुरणातून आणलेला घोडा पहिल्याच दिवशी भरधाव सोडाल?"

"छाती फुटेल त्याची!"

"मग तुमचंही हृदय हळूहळूच तयार करायचं. आधी छातीतलं पाणी उतरू दे, मग पुन्हा गोळीच्या अगदी कमी मात्रेपासून. आणि शर्यतीला जायचं नाही."

आकेंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पण पुढे गोळी हातावर आली तेव्हा मुकाट्यानं गिळली.

घोडा त्यांच्याविना धावला. बातमा परतली, तेव्हा त्यांनी नंबर विचारलाच नाही.

"थांबल्यावर श्वास कसा होता त्याचा?"

"लगेच शांत झाला."

आकेंनी डोळे मिटले, तिचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला आणि म्हणाले, "आता ह्या घोड्याचा बघ."