मुलाखतीची तालीम

ज्ञानदा आयर्लंडमधल्या एनिस गावाजवळच्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात सात वर्षं इंजिनिअर होती. २०२१मध्ये तिने टीम लीडच्या जागेसाठी अर्ज केला. तालमीसाठी नवरा इंद्रनील मॅनेजर झाला.

"मुलांना शाळेतून कोण आणणार?"

"तू."

"स्वयंपाक?"

"आलटूनपालटून."

"आणि माझ्या आईला काय सांगायचं?"

"अहो मॅनेजर, तुमची आईपण आमच्याच कंपनीत का?"

इंद्रनीलने हसत हार मानली.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर खऱ्या मॅनेजरने यातलं काहीच विचारलं नाही. जागा तिलाच दिली आणि म्हणाला, "टीममध्ये किती माणसं हवीत?"

आधीच्या लीडकडे सहा होती आणि तीही त्याला अपुरी पडायची.

"चार पुरतील," ज्ञानदा चटकन म्हणाली. "बाकीचं मी घेईन सांभाळून."

"ग्रँड!" म्हणत मॅनेजरने लगेच चारचा आकडा लिहून घेतला.